ताईंचं इंदूर: विधानसभेची एक हार आणि लोकसभेचे आठ विजय

सुमित्रा महाजन, म्हणजे आमच्या इंदूरच्या भाजपच्या ताई, म्हटलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना लोकसभेतली अध्यक्षांची खुर्ची आठवते, आणि आता इंदूरच्या पंचविशीतल्या पोरांनाही तेवढंच आठवतं. मला मात्र त्यांच्या निवडणुकांबद्दल लिहायचंय, त्यातही जी एक निवडणूक त्या हरल्या तिच्याबद्दल जरा जास्त, कारण ती हार समजली नाही तर पुढचे आठ विजय पण नीट समजत नाहीत. आणि आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींत एक समज पक्का बसलाय की ताई मराठी मतांवर निवडून यायच्या. मला हे अजिबात पटत नाही, असं म्हटलं की ताईंनी उभं केलेलं काम उगाच छोटं होतं.

आधी इंदूरची सीट काय होती ते बघा. १९५२ पासून १९८४ पर्यंतच्या सार्वत्रिक निवडणुकांमध्ये ही लोकसभा काँग्रेसच्या हातून दोनदाच गेली, १९६२ ला मिल मजुरांचे नेते होमी दाजी जिंकले तेव्हा आणि १९७७ च्या जनता लाटेत कल्याण जैन आले तेव्हा. बाकी सगळं काँग्रेस. प्रकाशचंद्र सेठी इथून १९६७, १९७१, १९८० आणि १९८४ असे चार वेळा निवडून आले, मध्ये मुख्यमंत्री झाले, पुढे इंदिराजींच्या सरकारात देशाचे गृहमंत्री. शहर मिलचं होतं, हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, भंडारी, भोंगा वाजला की रस्ते सायकलींनी भरायचे, आणि मजुरांच्या युनियनवर काँग्रेसची पकड होती. मराठी माणूस राजकारणात नव्हता असं पण नाही हं. ज्यांच्या नावाचा बसस्टँड आहे ते विनायकराव सरवटे संविधान सभेत होते, आणि व्ही. व्ही. द्रविड मजुरांचे मोठे नेते होते, पुढे मंत्री झाले. म्हणजे होळकरांच्या काळापासून इथे मुरलेला मराठी माणूस काँग्रेसमध्ये होता, संघात होता, जनसंघात होता. एकगठ्ठा असा कधीच नव्हता.

ताई मूळच्या चिपळूणच्या, माहेरच्या साठे, जन्म १२ एप्रिल १९४३. वडील संघाचे. १९६५ मध्ये जयंत महाजन या वकिलांशी लग्न होऊन इंदूरला आल्या, एमए आणि एलएलबी इथेच लग्नानंतर केलं. सुरुवातीची ओळख राजकारणातली नव्हतीच, रामायणावर प्रवचनं करायच्या, महिला मंडळांमध्ये बोलायच्या. समोर बसलेल्या बायकांना न घाबरवता, आवाज न चढवता अर्धा-पाऊण तास धरून ठेवायचं हे त्यांना तिथे जमलं असणार, कारण पुढे सभेत पण त्यांचा सूर तोच राहिला. मग महापालिका, आणि १९८४ मध्ये उपमहापौर. महापालिकेत माणसाला काय शिकायला मिळतं हे ज्याने वॉर्डात काम केलंय त्यालाच कळेल, नळाला पाणी नाही, ड्रेनेज तुंबलंय, खांबावरचा दिवा गेलाय, आणि लोक पक्ष विचारत नाहीत, सरळ दार वाजवतात.

आता १९८५. भाजपने विधानसभेचं तिकीट दिलं, मतदारसंघ इंदूर-३. राजवाड्याच्या आजूबाजूचं जुनं शहर, अरुंद गल्ल्या, जुनी इंदूर, छावणी, व्यापारी, मुसलमान वस्ती, थोडी मराठी घरं. समोर काँग्रेसचे महेश जोशी, शहरात ज्यांचा दरारा होता असा माणूस, कार्यकर्त्यांची फौज बाळगणारा. आणि वेळ कोणती, तर इंदिराजींच्या हत्येनंतरची. डिसेंबर १९८४ च्या लोकसभेत मध्य प्रदेशच्या चाळीसच्या चाळीस जागा काँग्रेसने घेतल्या होत्या, देशभरात भाजपचे फक्त दोन खासदार उरले होते. मार्च १९८५ च्या विधानसभेत ३२० पैकी २५० काँग्रेसच्या, भाजपच्या ५८. त्या हवेत ताई हरल्या. यात नवल काहीच नाही, त्या हवेत भलेभले आडवे झाले होते.

पण बघण्यासारखं पुढे आहे. ताई परत कधीच विधानसभेला उभ्या राहिल्या नाहीत. माझ्या मते इथे त्यांच्या राजकारणाचा सांधा बदलला. विधानसभेची एक सीट म्हणजे एक मोहल्ला जवळपास, तिथे ज्याची गल्लीवर पकड त्याचं राज्य, पोरं, पैसा, दमदाटी सगळं आलं त्यात. लोकसभा म्हणजे सगळं शहर अधिक देपालपूर-सांवेरची गावं, तिथे एका मोहल्ल्याच्या दादाला फार किंमत उरत नाही, तिथे लागतं नाव आणि संघटना. ताईंकडे दादागिरी नव्हती, ती त्यांनी कधी केलीही नाही, पण नाव तयार होत होतं आणि बूथवर बसणारे लोक होते. आमदारकी न मिळाल्याने त्या मोठ्या मैदानात गेल्या आणि तेच मैदान त्यांच्या स्वभावाचं निघालं.

१९८९ ला समोर साक्षात सेठीजी. माजी मुख्यमंत्री, माजी गृहमंत्री, चार वेळचे खासदार, आणि इकडे विधानसभा हरलेली माजी उपमहापौर. काँग्रेसवाल्यांनी मनावर घेतलंच नसावं. बोफोर्सचा काळ, राज्यात पण काँग्रेसविरुद्ध राग, मध्य प्रदेशात भाजपला ४० पैकी २७ जागा मिळाल्या. ताई लाखाहून जास्त मतांनी जिंकल्या. लाट होती हे खरंच, पण लाट एकदा येते, आठ वेळा येत नाही.

त्यांचा प्रचार ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना आठवेल, दुपारी जेवणं उरकली की रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर इकडे बायकांच्या टोळ्या निघायच्या. हातात मतदार यादीची झेरॉक्स, त्यावर लाल पेनाच्या खुणा, या घरातले आजोबा पुण्याला मुलाकडे, ही सून बाळंतपणाला माहेरी, हे कुटुंब दुसऱ्या कॉलनीत राहायला गेलं पण नाव इथेच आहे तर त्यांना आणायला रिक्षा सांगायची. ओट्यावर बसून पर्च्या लिहायच्या, पाणी प्यायचं, पुढचं घर. आणि हे फक्त मराठी कॉलन्यांत नव्हतं, जैन, अग्रवाल, सिंधी, पाटीदार, सगळीकडे तिथल्या तिथल्या बायका हेच काम करत होत्या. ताईंना सगळं शहर ताई म्हणायचं ते काही मराठीच्या प्रेमापोटी नाही, त्यांनी प्रत्येक समाजाच्या बायकांना राजकारणाच्या कामाला घराबाहेर काढलं म्हणून. मराठी मतं एकूण मतदारांत कितीशी, त्यावर एखादा पार्षद, म्हणजे नगरसेवक, निवडून येईल, खासदार आठ वेळा येणार नाही.

दुसरं मोठं कारण मिलचं. डिसेंबर १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली, बाकीच्या पण एकेक करत थांबल्या, आणि मिल गेल्या तशी युनियन गेली, युनियन गेली तशी काँग्रेसची मुळं सुटली. मिल एरिया म्हणजे इंदूर-२, तिथून १९९३ ला कैलाश विजयवर्गीय आमदार झाले आणि तो भाग आजपर्यंत भाजपकडेच आहे. ताईंच्या विजयांबद्दल बोलताना हे कोणी सांगत नाही पण हे सांगायलाच पाहिजे, बेकार झालेल्या हजारो घरांची मतं या तीस वर्षांच्या इतिहासात आहेत.

१९९१ ला ललित जैन, १९९६ ला मधुकर वर्मा, १९९८ ला पंकज संघवी, काँग्रेस दर वेळी नवा चेहरा आणायची आणि हरायची. १९९९ ला मात्र काँग्रेसने महेश जोशींनाच उभं केलं, तेच ते १९८५ वाले. चौदा वर्षांनी तीच दोघं समोरासमोर, फक्त मैदान मोहल्ल्याचं नाही तर अख्ख्या इंदूरचं, आणि या वेळी ताई लाखाहून जास्त मतांनी पुढे. मला त्यांच्या सगळ्या निवडणुकांत ही सगळ्यात महत्त्वाची वाटते, आठव्या विजयापेक्षाही. त्यानंतर अटलजींच्या सरकारात राज्यमंत्री झाल्या, आधी मानव संसाधन, मग दूरसंचार, मग पेट्रोलियम. २००४ ला देशात भाजप हरला तरी इथे त्यांनी रामेश्वर पटेलांना जवळपास दोन लाखांनी हरवलं.

आणि मग २००९. समोर रामेश्वर पटेलांचेच चिरंजीव सत्यनारायण पटेल, नुकतेच देपालपूरहून आमदार झालेले, गावांत पकड, तरुण. वीस वर्षं एकच खासदार म्हटल्यावर लोक पण कंटाळतात, ताईंनी काय केलं हा प्रश्न मराठी घरांतही विचारला जात होता, आणि त्या वेळी राज्यात भाजप २९ पैकी १६ वर आला. मोजणीच्या दुपारी आमच्या कॉलनीत प्रत्येक घरात टीव्ही चालू, लीडचा आकडा खाली आला की सगळे गप्प, मिठाई आणायला कोणी उठेना. शेवटी फरक ११,४८० चा. लाखांनी जिंकणाऱ्या बाईला हा आकडा म्हणजे इशाराच होता. २०१४ ला तेच पटेल समोर आणि फरक ४,६६,९०१, पण ती मोदींची लाट होती हे मान्य करायला हवं, २००९ आणि २०१४ च्या मध्ये ताई काही वेगळ्या झाल्या नव्हत्या.

६ जून २०१४ ला त्या बिनविरोध लोकसभा अध्यक्ष झाल्या, मीरा कुमारांनंतरच्या दुसऱ्या महिला. ऑगस्ट २०१५ मध्ये काँग्रेसच्या २५ खासदारांना पाच दिवसांसाठी निलंबित केलं त्यावरून टीका पण भरपूर झाली. दिल्लीचं ते पाच वर्षांचं प्रकरण मोठं आहे, इथे त्यात शिरत नाही.

इंदूरात मात्र दरम्यान ताई आणि भाई असे दोन गट सगळ्यांना दिसत होते, भाई म्हणजे विजयवर्गीय. २०१८ च्या विधानसभेला ताईंच्या मुलाच्या नावाची चर्चा होती, तिकीट काही मिळालं नाही. इंदूर-३ मधून विजयवर्गीयांचे चिरंजीव आकाश उभे राहिले आणि महेश जोशींचे पुतणे अश्विन जोशी, जे इथून तीनदा आमदार होते, त्यांना ५,७५१ मतांनी हरवून आले. महाजन घराण्याला विधानसभा अशी दोन्ही पिढ्यांत लांबच राहिली. कोणाला हा अन्याय वाटतो, मला नाही वाटत, घराणेशाहीला नाही म्हणणारा पक्ष एकाच्या मुलाला देतो आणि दुसऱ्याच्या नाही हे खटकतं तेवढंच.

२०१९ ला उमेदवारी जाहीर व्हायला उशीर होत होता, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही हा पक्षाचा नियम चर्चेत होता. ५ एप्रिलला ताईंनी स्वतःच पत्र काढलं की मी लढणार नाही, पक्षाने मोकळेपणाने निर्णय घ्यावा. पत्रात राग दिसत नाही, पण दुखावलेलं मन लपत पण नाही. मग शंकर लालवानींना तिकीट मिळालं आणि ते ५,४७,७५४ मतांनी आले. २०२१ मध्ये ताईंना पद्मभूषण मिळालं. २०२४ ला तर काँग्रेसच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्जच मागे घेतला, लालवानी अकरा लाखांहून जास्त फरकाने जिंकले आणि २,१८,६७४ लोकांनी नोटाचं बटण दाबलं. त्या वेळी ताई उघडपणे म्हणाल्या की हे व्हायला नको होतं. सेठींना हरवून आलेल्या, पटेलांकडून घाम फुटलेल्या बाईला समोर कोणी नसलेली निवडणूक पटणं शक्यच नव्हतं.

२०२३ च्या विधानसभेत इंदूर जिल्ह्याच्या नऊच्या नऊ जागा भाजपने घेतल्या, विजयवर्गीय, मेंदोला, शुक्ला, गौड, हार्डिया, वर्मा, ठाकूर, सिलावट, पटेल. यात एकही मराठी आडनाव नाही. महापौरपदी कृष्णमुरारी मोघे होऊन गेले, त्यानंतर आपल्यातलं कोणी शहरभर ओळखलं जाईल असं नाव पुढे आलेलं नाही. समाजाच्या बैठकीत तिकिटाची मागणी दर वेळी होते, निवेदनं दिली जातात, पण ताईंसारखं वीस-पंचवीस मोहल्ल्यांत, दुसऱ्या समाजाच्या घरांत जाऊन बसणारं सध्या तरी मला कोणी दिसत नाही. पार्षदकीपासून सुरुवात करायला आपल्यातले किती जण तयार आहेत ते पुढच्या महापालिकेच्या यादीत कळेल.