चिपवरचं प्रकाशाचं कडं
ठाणे-बेलापूर रस्त्याने महापेच्या डेटा सेंटरांसमोरून जाताना भाच्याने मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला: प्रकाशावर चालणाऱ्या चिप येताहेत, प्रकाश विजेपेक्षा वेगवान, म्हणून त्या हजारपट वेगवान. हा गैरसमज इतक्यांदा कानावर आलाय की आज लिहायलाच बसलो.

सर्किट बोर्डावरच्या तांब्यातून विजेचा संदेशही प्रकाशाच्या जवळपास निम्म्या वेगाने जातो. उलट सिलिकॉनच्या अरुंद वाटेत प्रकाशच मंदावतो. सेकंदाला 3 लाख किलोमीटरऐवजी साधारण 70 हजार. खरा फायदा निराळा आहे. तांब्यातून सेकंदाला अब्जावधी वेळा व्होल्टेज खालीवर करताना ऊर्जा उष्णतेत जाते आणि थोड्या अंतरातच संदेश विरतो. प्रकाशाचं तसं होत नाही. शिवाय एकाच वाटेने अनेक रंग, म्हणजे अवरक्त प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबी, एकमेकांच्या आड न येता जातात.

मग त्यातला एकच रंग वेगळा कसा पकडायचा? इथे येतं माझं लाडकं कडं. वाट सुमारे 450 नॅनोमीटर रुंद, 220 नॅनोमीटर उंच. तिच्या शेजारी 5 मायक्रोमीटर त्रिज्येचं सिलिकॉनचं कडं, मध्ये 200 नॅनोमीटरची फट. दोन्ही एकमेकांना टेकत नाहीत, तरी प्रकाश पलीकडे जातो! पूर्ण आंतरिक परावर्तन आपण शाळेत शिकलो, पण परावर्तन होतानाही लहरीचं क्षेत्र भिंतीबाहेर किंचित डोकावतं. तेवढ्यावरच काम भागतं. कड्याचा घेर 31 मायक्रोमीटर. 1550 नॅनोमीटरचा प्रकाश आत आखडतो आणि एका फेरीत त्याच्या जेमतेम 50 लहरी मावतात. ही संख्या पूर्णांक आली, की प्रत्येक फेरीला शिखरावर शिखर बसतं आणि कड्यात प्रकाश साठत जातो. त्यातला थोडा मूळ वाटेत परततो, तो नेमका उलट्या कलेत, म्हणजे शिखरासमोर दरी येईल असा. तिथल्या प्रकाशाला तो खोडतो आणि पुढे त्या रंगापुरता अंधार होतो. कड्याला व्होल्टेज दिलं की अपवर्तनांक (सिलिकॉनमध्ये प्रकाश किती मंदावतो ते सांगणारा आकडा) जरासा बदलतो, मेळ बिघडतो, उजेड परततो. अंधार आणि उजेड: शून्य आणि एक.

2015 साली अमेरिकी संशोधकांनी 7 कोटी ट्रान्झिस्टर आणि 850 प्रकाशीय घटक एकाच चिपवर बसवून दाखवले. त्याच मंडळींतून उभी राहिलेली अयार लॅब्ज ही कंपनी अशीच कडी वापरून चिप-चिपमधला संवाद प्रकाशावर आणते आहे. कॅनडातल्या झानाडू कंपनीने क्वांटम गणनेसाठी सिलिकॉन नायट्राइडची कडी वापरली. 

अडचण तापमानाची. एक अंश वाढला की कडं पकडतं तो रंग सुमारे 0.07 नॅनोमीटर सरकतो, दोन-तीन अंशांत नेम चुकतो. म्हणून कड्याजवळ चिमुकला हीटर बसवून त्याला सतत ताळ्यावर ठेवावं लागतं. सिलिकॉन स्वतः नीट उजेड देत नाही, त्यामुळे लेसरही इंडियम फॉस्फाइडसारख्या दुसऱ्या पदार्थाचा लागतो. एखाद्या स्टार्टअपने ऊर्जाबचतीचा आकडा सांगितला, की त्यात हीटर आणि लेसर धरलेत का, हे मी आधी बघतो.

हाच हळवेपणा कॅलिफोर्नियातल्या जेनालाइट कंपनीने रक्ततपासणीला लावला. कड्यावर अँटिबॉडी पकडणारे रेणू चिकटवायचे. रक्तातली अँटिबॉडी येऊन बसली की रंग सरकतो. तापमानामुळे सरकलेलं वजा करायला त्याच चिपवर आणखी काही कडी असतात, रक्ताचा स्पर्श होऊ नये म्हणून झाकून ठेवलेली.