सेरोटोनिन (परिघीय चेतासंस्थेतील)

ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीरात तयार होणारे रासायनिक संदेशवाहक द्रव्य. शास्त्रीय नाव ५-हायड्रॉक्सिट्रिप्टामिन (५-एचटी). मनःस्थितीशी असलेल्या संबंधामुळे सेरोटोनिन म्हटले की लोकांना मेंदूच आठवतो. प्रत्यक्षात शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पचनमार्गात असते. रक्तातले सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही, त्यामुळे हे दोन साठे वेगवेगळेच राहतात.

त्याचा शोधही आधी आतड्यातच लागला. इटलीतील व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना १९३०च्या दशकात पचनमार्गाच्या अस्तरातील एन्टेरोक्रोमाफिन पेशींत स्नायू आकसवणारे एक द्रव्य आढळले. त्याला त्यांनी ‘एन्टेरामिन’ म्हटले. १९४८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि आयर्विन पेज यांनी रक्तातून रक्तवाहिन्या आकसवणारे ‘सेरोटोनिन’ वेगळे काढले. दोन्ही द्रव्ये एकच आहेत हे १९५२ मध्ये सिद्ध झाले. बेटी ट्वारोग यांनी ते मेंदूत दाखवले, त्याचा शोधनिबंध १९५३ चा.

अन्नाचा लगदा आला की आतड्याच्या अस्तरावर दाब पडतो. तो एन्टेरोक्रोमाफिन पेशींना जाणवतो आणि त्या सेरोटोनिन सोडतात. अस्तराखाली पसरलेले संवेदी चेतातंतू त्याने उद्दीपित होतात आणि निरोप आतड्याच्या भिंतीतल्या भिंतीतच पुढे जातो. लगद्याच्या मागचे स्नायू अ‍ॅसिटिलकोलीनमुळे आवळतात, पुढचे नायट्रिक ऑक्साइडमुळे सैल पडतात, आणि लगदा पुढे ढकलला जातो. हे सगळे मेंदूच्या हुकमावाचून होते. काम झाले की अस्तराच्या पेशी एका वाहक प्रथिनाच्या साहाय्याने सेरोटोनिन पुन्हा आत ओढून घेतात.

ऑक्सफर्डच्या एडिथ ब्युलब्रिंग यांनी १९५०च्या दशकात गिनीपिगच्या आतड्यावर केलेल्या प्रयोगांतून ही कल्पना पुढे आली, पण चित्र इतके सरळ नाही. आतड्याच्या चेतापेशी स्वतःही सेरोटोनिन बनवतात, हे मायकेल गर्शन यांनी १९६५ पासून मांडले. अस्तरातील पेशी त्यासाठी टीपीएच-१ हे विकर वापरतात, चेतापेशी टीपीएच-२. टीपीएच-१ नसलेल्या उंदरांच्या आतड्याची हालचाल बहुतांशी ठीक राहते. टीपीएच-२ नसलेल्यांची मंदावते. म्हणजे चेतापेशींतला साठा अगदी थोडा असला, तरी आतड्याच्या हालचालीसाठी महत्त्वाचा तोच दिसतो.

सेरोटोनिन पेशींवरील ज्या प्रथिनांना चिकटते, त्या ग्राहींची सात कुळे आहेत आणि त्याचा परिणाम ग्राहीवर ठरतो. सिस्प्लॅटिनसारख्या कर्करोगविरोधी औषधाने एन्टेरोक्रोमाफिन पेशी एकदम भरपूर सेरोटोनिन सोडतात. ते आतडे व मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस चेतेवरील ५-एचटी३ ग्राहींवर जाऊन बसते, तिथून मेंदूला खबर पोहोचते आणि रुग्णाला उलट्या सुरू होतात. ओंडानसेट्रॉन हे औषध नेमके हेच ग्राही अडवते. केमोथेरपी घेणाऱ्या असंख्य रुग्णांचे हाल त्यामुळे कमी झाले. या क्षेत्रातील संशोधनाचे इतके ठळक फलित दुसरे नाही. उलट, ५-एचटी४ ग्राही चाळवणारे प्रुकॅलोप्राइड जुनाट बद्धकोष्ठतेवर देतात. नैराश्यावरील एसएसआरआय गोळ्या वाहक प्रथिनच अडवतात. ते आतड्यातही असल्याने सुरुवातीच्या दिवसांत अनेकांना मळमळते. गोळी लागू पडत नाही असा त्याचा अर्थ नव्हे.

रक्तातील प्लेटलेट सेरोटोनिन बनवत नाहीत. आतड्यातून आलेले साठवून ठेवतात आणि जखम झाली की सोडतात. इजा झालेल्या जागी ते वेदना वाहणाऱ्या चेतातंतूंनाही चेतवते. गांधीलमाशीच्या विषात सेरोटोनिन असते. तिच्या डंखाच्या आगीला तेही हातभार लावते.

संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींच्या कार्सिनॉइड गाठींतून सेरोटोनिन व इतर द्रव्ये बेसुमार स्रवली, तर जुलाब होतात, चेहरा लालबुंद होतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड होऊ लागतात. निदानासाठी २४ तासांच्या लघवीतील ५-एचआयएए, म्हणजे सेरोटोनिनच्या विघटनातून बनणारे द्रव्य, मोजतात. या चाचणीआधी केळी, अननस व अक्रोड खाऊ नयेत, कारण त्यांतच सेरोटोनिन असते आणि आकडा फुगतो.