पेशी-आसंजन आणि किरणोपचार

शरीरातील पेशी एकमेकींना आणि भोवतीच्या तंतुमय आधाराला विशिष्ट प्रथिनांच्या साहाय्याने धरून राहतात. यालाच पेशी-आसंजन म्हणतात. कर्करोगाच्या गाठीवर किरण सोडले की कोणती पेशी मरेल आणि कोणती तगेल, हे डीएनएला झालेल्या इजेवर तर ठरतेच, पण त्या वेळी पेशी कशाला धरून आहे यावरही ठरते. आसंजनाचा अभ्यास जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणि किरणोपचाराचा अभ्यास रुग्णालयात, अशी विभागणी बराच काळ चालली. कोकणात तोंडाच्या कर्करोगाचे जे रुग्ण येतात, त्यांचा आजार समजून घ्यायचा तर हे दोन्ही विषय एकत्रच पाहावे लागतात.

आसंजनाच्या अभ्यासाची सुरुवात समुद्रातल्या प्राण्यांपासून झाली. कुर्ट हेर्ब्स्ट यांनी १९०० साली सी अर्चिन या काटेरी समुद्रप्राण्याचे भ्रूण कॅल्शियमविरहित समुद्रपाण्यात ठेवले, तेव्हा त्यांच्या पेशी सुट्या झाल्या. १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज रेशमी कापडातून पिळून गाळला. सुट्या झालेल्या पेशी आपोआप पुन्हा जुळून आल्या. कॅल्शियमवर चालणाऱ्या या पकडीचे प्रथिन मासातोशी ताकेइची यांच्या १९७७ पासूनच्या कामातून पुढे आले. ते म्हणजे कॅडहेरिन. ते शेजारच्या पेशीला धरते. पेशीला खालच्या आधाराशी बांधणारी प्रथिने वेगळी, त्यांना १९८६ मध्ये इंटेग्रिन हे नाव मिळाले. माणसात १८ अल्फा आणि ८ बीटा साखळ्यांच्या जोड्यांतून २४ प्रकारची इंटेग्रिने बनतात.

इंटेग्रिन नुसते धरून राहत नाही. पेशीचा पाय आधारावर आहे, तिने जगावे, असा निरोप ते आत पोहोचवते. हा निरोप तुटला तर निरोगी पेशी स्वतःहून मरते. १९९४ मध्ये या मृत्यूला अनोइकिस म्हणू लागले. कर्करोगाची पेशी मात्र हा निरोप आपल्या सोयीने वापरते, आणि किरणोपचारातली अडचण इथूनच सुरू होते.

किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. १ ग्रे मात्रेने एका पेशीच्या डीएनएचा एकच पदर सुमारे १,००० ठिकाणी आणि दोन्ही पदर सुमारे ४० ठिकाणी तुटतात. दुपदरी तुटणे सर्वांत घातक. पेशी किती तगल्या हे मोजायची रीत १९५६ मध्ये पक आणि मार्कस यांनी घालून दिली, ती आजही चालते. मोजक्या पेशी बशीत पेरायच्या, किरण द्यायचे, एक-दोन आठवडे वाट पाहायची आणि तगलेल्या पेशी वाढून झालेले ठिपके जांभळ्या रंगाने रंगवून मोजायचे. ज्या ठिपक्यात निदान ५० पेशी आहेत तोच धरायचा, कारण तिथली मूळ पेशी खऱ्या अर्थाने जगली. आता तीच पेशी उघड्या प्लास्टिकवर न वाढवता लॅमिनिन या आधार-प्रथिनाने युक्त जेलमध्ये वाढवली, तर तेवढ्याच मात्रेला ठिपके जास्त उरतात. डीएनए तेच, किरण तेच, बदलला तो फक्त आधार. या एका निरीक्षणाचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच आहे.

जर्मनीतील ड्रेस्डेन येथील निल्स कॉर्डेस यांच्या गटाने यामागची साखळी सोडवत नेली. २०१२ मध्ये त्यांनी डोके व मानेच्या कर्करोगाच्या पेशींवर दाखवले, की बीटा-१ इंटेग्रिन, त्याला जोडलेले एफएके हे विकर आणि कॉर्टॅक्टिन हे प्रथिन यांची साखळी तोडली तर पेशी किरणांना जास्त बळी पडतात. अमेरिकेत कॅथरीन पार्क आणि मीना बिस्सेल यांच्या कामातून स्तनाच्या कर्करोगातही असेच दिसले.

प्रयोगशाळेतले यश रुग्णापर्यंत सहज पोहोचत नाही, हेही इथेच शिकायला मिळाले. सिलेन्जिटाइड हे औषध अल्फा-व्ही गटातील दोन इंटेग्रिनांना अडवते. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावर किरण आणि टेमोझोलोमाइड या औषधाच्या जोडीला ते देऊन ५४५ रुग्णांवर चाचणी झाली. २०१४ मध्ये निकाल आला, तेव्हा रुग्णांचे आयुष्य वाढलेले दिसले नाही. एक पकड अडवली की पेशी दुसरी पकड वापरते, हे त्याचे एक कारण मानले जाते.

कोकणातल्या तोंडाच्या कर्करोगाकडे पाहताना सुपारीला फार जवळून पाहावे लागते. श्रीवर्धनची रोठा सुपारी ही इथल्या वाड्यांची शान, घरोघरी पानाचा डबा आणि बायकांमध्ये मिश्रीची सवय. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये स्पष्ट केले. सतत सुपारी चघळणाऱ्याच्या गालाच्या आतली त्वचा पांढुरकी, ताठ होत जाते आणि तिच्याखाली कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचे पट्टे दाटतात. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. तपासणाऱ्याने गालावरून आतून बोट फिरवले तर हे पट्टे दोरीसारखे हाताला लागतात. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर लगेच दाखवावे, ही घरच्या घरी करता येणारी तपासणी आहे.

सुपारीतील अरेकोलिन या रसायनामुळे तोंडाच्या वरच्या थरातील पेशींवर अल्फा-व्ही बीटा-६ हे इंटेग्रिन वाढते. हे इंटेग्रिन टीजीएफ-बीटा या निद्रिस्त प्रथिनाला जागे करते आणि टीजीएफ-बीटा कोलॅजन साचवते. किरणोपचारानंतर फुप्फुसात जो ताठरपणा येतो, त्यातही हेच इंटेग्रिन सापडले आहे. म्हणून सुपारीने आधीच ताठलेल्या तोंडावर किरण घेणाऱ्या रुग्णाकडे विशेष लक्ष हवे. जबडा आखडण्याचा धोका त्याला दुहेरी असतो, आणि तोंड उघडण्याचा व्यायाम पहिल्या दिवसापासून करून घेणे हा उपचाराचाच भाग मानायला हवा.

नवी मुंबईत खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्यात, टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग उपचार-संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे. त्याचे मूळ १९५२ च्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, ज्याचे पहिले संचालक वसंत रामजी खानोलकर होते. पेशींना जोडणाऱ्या डेस्मोसोममधील प्लाकोफिलिन-३ हे प्रथिन कमी झाले की लिपोकॅलिन-२ हे दुसरे प्रथिन वाढते आणि गाठ बळावते, हे इथल्या प्रयोगशाळेत दिसून आले. लिपोकॅलिन-२ पेशीतले लोह कमी करते आणि लोहावर चालणारा मृत्यू टाळते. किरणांनी मरणाऱ्या पेशींतही मृत्यूचा हा मार्ग वापरला जातो, त्यामुळे इथे सुटलेली पकड आणि उपचाराला दाद न देणे यांचा धागा थेट जुळतो.

तोंड-घशाच्या कर्करोगात मूळ उपचार म्हणून किरण दिले तर एकूण मात्रा साधारण ७० ग्रे असते. रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे सात आठवडे. लोक याला शेक किंवा लाइट म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंडातल्या अस्तराचा तळथर नव्या पेशी पुरवू शकत नाही, वरचा थर सोलवटतो, खाणे नकोसे होते. नेमक्या याच सुमारास राजापूर-देवगडचा माणूस मुंबईच्या खोलीला कंटाळतो, आणि त्यात गणपती किंवा शिमगा आला तर गावी जायची ओढ लागते. ती ओढ समजण्यासारखी आहे. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर तगलेल्या कर्कपेशी जोमाने दुणावू लागतात, म्हणून मधला खंड महागात पडतो. खंड पडलाच तर डॉक्टर शनिवारी उपचार देतात, किंवा एका दिवशी दोनदा देऊन तो भरून काढतात. दोन वेळांत निदान सहा तासांचे अंतर ठेवतात, तेवढ्यात निरोगी पेशींना डीएनएची बरीचशी दुरुस्ती उरकता येते.