पोले पोले, म्हणजे किलीमांजारोवर दम नेमका जातो कुठे

किलीमांजारोच्या शिखराआधीच्या बराफू कॅम्पवर तंबूत सॅक उघडली तर पुण्याहून नेलेलं चिवड्याचं पाकीट टम्म फुगलेलं. इतकं की उशाला घेता आलं असतं. आमच्यातल्या एकाला वाटलं चिवडा खराब झाला, त्याने वासही घेऊन बघितला. चिवडा एकदम मस्त होता हो, फक्त पाकिटात खालची हवा होती आणि आम्ही बसलो होतो 4673 मीटरवर, बाहेरचा दाब कमी झाला की आतली हवा पसरणारच.

किलीमांजारोची सगळी गोष्ट या पाकिटात आहे खरं तर. आपण सरसकट म्हणतो की "वर ऑक्सिजन कमी असतो", पण हवेत ऑक्सिजन जुहू चौपाटीवर जितका टक्के तितकाच शिखरावरही, 21 च्या आसपास. कमी होतो तो दाब, कारण डोक्यावरची हवाच कमी उरते. थोडं गणित करू, घाबरू नका. समुद्रकिनारी दाब 760 मिलिमीटर पारा. हवा श्वासनळीत गेली की ओली होते आणि त्या वाफेचे 47 मिलिमीटर कुठेही गेलात तरी वजा, त्यात सूट नाही. उरले 713, त्याचे 21 टक्के म्हणजे 150, हा ऑक्सिजनचा वाटा. आता उहुरू, किलीमांजारोचं सगळ्यात उंच टोक, 5895 मीटर, दाब साधारण 375. त्यातून तेच 47 काढा, उरले 328, त्याचे 21 टक्के म्हणजे 69. दीडशेच्या जागी एकोणसत्तर! आणि तेवढ्यात चढायचं, तेही रात्री, थंडीत.

त्यातल्या त्यात नशीब म्हणजे किलीमांजारो विषुववृत्ताजवळ आहे. तिथे वातावरणाचा थर थोडा जाड असतो त्यामुळे अलास्कातल्या डेनालीवर त्याच उंचीला जेवढा दाब मिळेल त्यापेक्षा इथे जरा जास्त मिळतो. अर्थात पहाटे चार वाजता हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याला काठीने मारलं असतं.

आम्ही पुण्याचे अकरा जण. सहा महिने आठवड्यातून दोनदा सिंहगड, मधेमधे कळसूबाई. आणि इथेच सगळ्यांचा गैरसमज होतो, माझाही होता. कळसूबाई 1646 मीटर, तिथे दाब समुद्रकिनाऱ्याच्या 80 टक्क्यांच्या वरच असतो, म्हणजे मांड्या तयार होतात, गुडघे तयार होतात, पण शरीराला विरळ हवेची काही ओळख होत नाही. ती ओळख विरळ हवेत राहूनच होते आणि तिला दिवस लागतात, तुम्ही कितीही फिट असा.

ओळख होते म्हणजे काय होतं? मानेतल्या मुख्य धमन्यांपाशी ऑक्सिजन मोजणारे बारीक सेन्सर असतात. ऑक्सिजन घटला की ते मेंदूला कळवतात आणि आपण भराभर, खोल श्वास घ्यायला लागतो. पण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्तच बाहेर जातो, रक्त अल्कलाइन होतं आणि मेंदू म्हणतो बास, हळू घे. म्हणजे एक जण अॅक्सिलरेटर दाबतोय आणि दुसरा ब्रेक. हे भांडण किडनी सोडवते, जास्तीचं बायकार्बोनेट, म्हणजे रक्त अल्कलाइन करणारा क्षार, लघवीतून फेकून. म्हणून वर रात्री तीन-तीनदा तंबूची चेन उघडायला लागते, उगाच पाणी कमी प्यायचं नाही. डायमॉक्सची, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळीसुद्धा किडनीचं हेच काम लवकर करवून घेते, बोटांना मुंग्या येतात आणि कोल्ड्रिंक विचित्र लागतं ते तिच्यामुळेच. पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्या, ग्रुपमधल्या कुणाच्या पाउचमधून नको.

झोपेत या अॅक्सिलरेटर-ब्रेकची खरी मजा. माझा तंबूवाला जोडीदार भसाभसा श्वास घ्यायचा आणि मग एकदम शांत, दहा-पंधरा सेकंद काहीच नाही. पहिल्या रात्री मी घाबरून त्याला गदागदा हलवला, तो भयंकर वैतागला. उंचीवर असं होणं अगदी कॉमन आहे हे मला नंतर कळलं.

वाटेत गाइड सारखे "पोले पोले" म्हणतात, स्वाहिलीत हळूहळू. पहिले दोन दिवस आम्हाला तो टुरिस्टांसाठीचा डायलॉग वाटला. मचामे रूटवर तिसऱ्या दिवशी तुम्हाला लाव्हा टॉवरला 4600 मीटरच्या वर चढवतात, तिथे जेवायला घालतात आणि झोपायला परत बारांकोला चार हजाराच्या खाली उतरवतात. आमच्यातले काही जण जाम चिडले, कमावलेली उंची घालवली म्हणून. पण वर शरीराला धक्का द्यायचा आणि खाली येऊन सावरू द्यायचं, हीच तर युक्ती आहे.

आमचा मॅरेथॉनवाला मात्र रोज सगळ्यांच्या आधी कॅम्पवर. फिट माणसाचा हाच घोळ होतो, पाय पळतात आणि बाकीचं शरीर मागे राहतं. डोकं दुखतंय हे त्याने दोन दिवस सांगितलंच नाही, दहा जणांसमोर कोण सांगणार! ऑक्सिमीटरवर कुणाचे 84 कुणाचे 78, त्याचा आकडा चांगला होता म्हणून आम्हीही गाफील. पण बोटावरच्या आकड्यापेक्षा डोकेदुखी, मळमळ आणि तोल जास्त खरं सांगतात.

शिखराच्या रात्री बाराला निघालो. बारीक खडीचा चढ, रात्री गोठलेली असते म्हणून तेव्हाच चढायचं, दिवसा दोन पावलं वर आणि एक खाली. नळीतलं पाणी तासाभरात गोठलं. 5300 च्या आसपास मॅरेथॉनवाल्याला उलटी झाली. गाइडने त्याला पावलाला पाऊल लावून सरळ रेषेत चालायला लावलं आणि तो तिसऱ्या पावलाला कलंडला. तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते, यावर वर थांबून बरं वाटेल का बघू असं नसतं, उतरायचं. एक असिस्टंट गाइड त्याला धरून खाली घेऊन गेला. बाकीचे नऊ जण आणि मी उजाडता उजाडता वर पोचलो, त्यात अठ्ठावन्न वर्षांचे काकाही, जे सबंध ट्रेकभर सगळ्यात शेवटी असायचे. बाजूला हिमनदीची पांढरी भिंत दिसली, 1912 पासून किलीमांजारोवरचं 80 टक्क्यांहून जास्त बर्फ गेलंय.

संध्याकाळी साधारण 3100 मीटरवरच्या म्वेका कॅम्पला पोचलो तर मॅरेथॉनवाला वरण-भात मागत होता, डोकं एकदम क्लिअर. आणि त्या दिवशी भातही नीट शिजला होता, बराफूला पाणी 85 अंशांनाच उकळत होतं त्यामुळे तिथला भात दाताखाली कचकचत होता.

घरी आल्यावर रविवारी आम्ही मोठ्या थाटात सिंहगडला गेलो. रक्तात नव्या लाल पेशी भरल्या असणार, आता आपण पळतच वर जाणार अशी समजूत. पेशी वाढवायचा हुकूम देणारं ईपीओ हार्मोन वर पोचल्यावर काही तासांतच वाढतं, पण पेशी प्रत्यक्ष वाढायला आठवडे लागतात आणि आम्ही वर होतो जेमतेम सात दिवस. अर्ध्या वाटेवर ताकवाल्या मावशींपाशी सगळे नेहमीसारखेच धापा टाकत बसलो.