चोशीची 6.4 किलोमीटरची रेल्वे

जपानच्या चिबा प्रांतात, टोने नदी प्रशांत महासागराला मिळते तिथे चोशी वसलं आहे. मासेमारी आणि सोया सॉस ही या गावाची ओळख. 'चोशी देन्तेत्सु' ही विजेवरची छोटी रेल्वे चोशी स्थानकातून निघून इनुबो भूशिराजवळून तोकावा या कोळीवस्तीपर्यंत जाते. एकेरी मार्ग, 10 स्थानकं, 1067 मिमी गेज (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), 600 व्होल्ट डीसी वीज. पूर्ण प्रवासाला वीसेक मिनिटं लागतात. पैशांची ओढाताण मात्र हिच्या पाचवीलाच पुजलेली.

इथली पहिली रेल्वे वेगळ्याच कंपनीची होती. सहलीला येणाऱ्यांवर भिस्त ठेवून तिने डिसेंबर 1913 मध्ये इनुबोपर्यंत गाडी सुरू केली. प्रवासी पुरेसे मिळाले नाहीत. त्यातच पहिल्या महायुद्धामुळे लोखंडाचे भाव चढले आणि गाडी चालवण्यापेक्षा रूळ विकणं फायद्याचं ठरलं. नोव्हेंबर 1917 मध्ये मार्ग बंद पडला, रूळ उखडले गेले. पुढे स्थानिक लोकांनी नवी कंपनी काढली आणि 5 जुलै 1923 रोजी तोकावापर्यंत पुन्हा रेल्वे धावली. 1925 मध्ये ती विजेवर आली. 1945 च्या हवाई हल्ल्यांत कारशेड आणि वीज उपकेंद्र जळाल्यावर काही काळ उसन्या वाफेच्या इंजिनांवर भागवावं लागलं. आजची कंपनी 1948 ची.

या मार्गाला मालवाहतुकीचाही आधार होता. नाकानोचो स्थानक यामासा या सोया सॉस कारखान्याला अगदी खेटून आहे. तिथले वॅगन ओढायला 'देकी 3' हे जर्मनीच्या एईजी कंपनीने 1922 मध्ये बांधलेलं इंजिन होतं. लांबी जेमतेम साडेचार मीटर, मध्ये चालकाची खोली आणि दोन्ही बाजूंना उतरती नाकं. आधी ते एका कोळसा खाणीत राबलं होतं. 1984 मध्ये मालवाहतूक थांबली.

प्रवासी गाड्यांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. नवी गाडी परवडत नाही, म्हणून दुसऱ्याची उतरवलेली घ्यायची. पण मोठ्या कंपन्यांचे डबे आता बहुतेक 20 मीटर लांब आणि 1500 व्होल्टवर चालणारे. इथे आखूड डबाच लागतो. 1994 मध्ये टोकियो मेट्रोच्या 2000 मालिकेतले 16 मीटरचे डबे आले. व्होल्टेज जुळत होतं, 600 च. पण भुयारी मार्गावर ते बाजूच्या तिसऱ्या रुळातून वीज घेत आणि 1435 मिमी गेजवर धावत. म्हणजे चाकांच्या चौकटी बदलणं आलं आणि छतावर वरच्या तारेतून वीज घेणारा पॅन्टोग्राफ बसवणंही आलं. 2010 मध्ये आलेल्या गाड्या तर तिसऱ्या हातच्या. मूळ टोकियोच्या केइओ कंपनीच्या, 1372 मिमी गेजच्या. मग शिकोकू बेटावरच्या मात्सुयामात इयो रेल्वेने त्या 1067 वर आणल्या. तिथे मधल्या एका डब्याला नवी चालक खोली जोडली गेली. त्यामुळे आजही गाडीच्या एका टोकाला दोन मोठ्या काचांचा गोलसर चेहरा दिसतो आणि दुसऱ्या टोकाला सपाट. डब्यांचा इतिहास असा डोळ्यांनी वाचता येतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

गाडी स्वस्तात मिळाली तरी तिची देखभाल स्वस्त नसते. जपानी नियमांनुसार ठरावीक मुदतीत गाडी पूर्ण उघडून तपासावी लागते. मुदत उलटली की ती रुळावर आणता येत नाही. 2006 मध्ये नेमकं हेच संकट उभं राहिलं. माजी अध्यक्षांच्या अपहाराने कंपनी पोखरली होती, सरकारी मदत थांबली होती आणि तपासणीपुरतेही पैसे उरले नव्हते.

तारलं ते खाद्यपदार्थांनी. जोडधंदा तसा जुनाच: 1976 पासून कंपनी ताइयाकी, म्हणजे गोड पुरण भरलेला माशाच्या आकाराचा केक विकत होती. 1995 मध्ये तिने 'नुरे सेनबेई' सुरू केलं. तांदळाची चकती भाजून गरम असतानाच सोया सॉसमध्ये बुडवतात. सॉस आत मुरतो, म्हणून ती कुरकुरीत न राहता ओलसर आणि चिवट होते. नोव्हेंबर 2006 मध्ये कंपनीने संकेतस्थळावर सरळ लिहिलं की गाड्यांच्या दुरुस्तीसाठी पैसे कमवायचे आहेत, सेनबेई विकत घ्या. देशभरातून मागण्यांचा पूर आला आणि तपासणी पार पडली. तिकिटांपेक्षा सेनबेईची विक्री जास्त भरते, अशी स्थिती पुढेही राहिली.

11 जानेवारी 2014 रोजी कासागामी-कुरोहाए स्थानकाजवळ एक गाडी रुळावरून घसरली. तेव्हा दुरुस्तीसाठी चोशीच्याच वाणिज्य विद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी ऑनलाइन वर्गणी गोळा केली. पुढच्या काळात मेट्रोचे जुने डबे निवृत्त झाले. 2016 मध्ये त्यांच्या जागी इयो रेल्वेचीच आणखी एक जोडी आली. मार्च 2024 पासून नानकाई कंपनीची 1969 च्या सुमाराची दोन डब्यांची गाडी धावते आहे. ओसाकाजवळच्या कोया डोंगराचा चढ आणि वळणं यांसाठी तिचे डबे मुळातच आखूड, 17 मीटरचे बांधलेले होते. गेज जुळत होतं, त्यामुळे चाकं तशीच चालली. 1500 वरून 600 व्होल्टवर आणण्यासाठी विजेची व्यवस्था मात्र बदलावी लागली.