अ‍ॅसिडच्या पावसाचे डाग की बोअरच्या पाण्याचे?

सांगली-मिरजेकडे गाडीच्या बोनेटवर पांढरट गोल ठिपके दिसले की पहिला संशय पावसावर जातो. एमआयडीसी जवळ आहे, म्हणजे अ‍ॅसिडचाच पाऊस! पण बहुतेक वेळा ते ठिपके बोअरच्या पाण्याचे असतात. दोन्हींचे उपाय उलटे आहेत, म्हणून आधी ओळख पटवा.

गाडी सावलीत घ्या, धुऊन कोरडी करा आणि ठिपक्यावरून बोट फिरवा. खरखरीत, उंचवटा लागला तर तो क्षार: पाणी उडून गेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियम मागे राहिलं. वर काही लागत नाही, पण तिरप्या उजेडात कडा असलेला बारीक खळगा दिसतो, तर अ‍ॅसिडनं क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, खाल्लाय.

स्वच्छ हवेतल्या पावसाचा पीएचही 5.6 च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लच असतो. धुरातले सल्फर आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मिसळले की तो आणखी उतरतो. आपल्याकडच्या मातीच्या धुळीत चुना असतो, तो यातलं बरंच आम्ल मारतो. शिवाय साताऱ्याकडची जुलै-ऑगस्टची झड गाडी धूतच राहते, तिची भीती नको. घात होतो तो थेंब जागेवर वाळल्यानं. दहा मिनिटांची सर येते, लगेच कडक ऊन पडतं, पाणी उडतं, आम्ल घट्ट होत जातं आणि तापलेला क्लिअर कोट मऊ पडलेला असतो. म्हणून सर थांबली की साध्या पाण्यानं गाडी धुऊन पुसा. आम्लाची शंका असेल तर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून ओता, घासू नका, दोन मिनिटांनी भरपूर पाण्यानं काढा. पडलेला खळगा सोड्यानं भरत नाही, फक्त पुढचं खाणं थांबतं.

क्षाराला सोडा चालत नाही, तिथे आम्लच लागतं. पांढरं व्हिनेगर आणि आरओचं पाणी सम प्रमाणात घ्या, मायक्रोफायबर भिजवून डागावर एक-दोन मिनिटं ठेवा आणि लगेच धुवा. थंड पत्र्यावरच करा. खळग्यावर हेच व्हिनेगर लावलं तर आम्लावर आम्ल. पाण्यात सिलिका असेल तर डाग दाद देत नाही, तिथे पॉलिशच करावं लागतं. क्षार महिनोन्‌महिने उन्हात राहिला तर त्याच्याखालीही खळगा पडतो.

एक चूक घरोघरी होते: आरओमधून वाया जाणारं पाणी साठवून गाडी धुणं. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त घट्ट झालेले असतात. ते अंगणात टाका. गाडी बोअरच्या पाण्यानं धुवायचीच असेल तर सकाळी लवकर, एकेक पॅनल धुऊन लगेच पुसत चला आणि शेवटचा हात घराच्या पत्र्यावरून साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं मारा.

वॅक्स दोन महिन्यांनी पुन्हा लावा. सिरॅमिक कोटिंग अ‍ॅसिडला जास्त वेळ अडवतं, पण त्यावर क्षाराचे ठिपके पडतातच, कारण पाणी मण्यांसारखं उभं राहून तिथेच वाळतं.

खळगा पडलाच असेल तर रबिंग, म्हणजे मशीननं वरचा थर घासून सपाट करणं. क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो आणि प्रत्येक रबिंगमध्ये त्यातले काही जातात. डिटेलिंगवाल्याकडून आधी गेजनं जाडी मोजून घ्या. तो न मोजताच मशीन लावत असेल तर गाडी परत आणा.