टुंड्रातली जमीन खचते, हे प्रकरण जुनंच आहे

सायबेरिया किंवा अलास्कातल्या लाटांसारख्या झालेल्या रस्त्यांचे फोटो आले की आपण ग्लोबल वॉर्मिंग म्हणून मोकळे होतो, ते चूक नाही, पण ही जमीन खचवायला माणसाने त्याच्या बऱ्याच आधी सुरुवात केली होती.

सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात शेर्गिन नावाच्या, एका व्यापारी कंपनीतल्या माणसाने पाण्यासाठी विहीर खणायला घेतली आणि 1837 पर्यंत तो 116 मीटर खाली गेला तरी माती गोठलेलीच! पाणी काही लागलं नाही, पण पुढे 1840 च्या दशकात मिडेनडॉर्फ या संशोधकाने त्याच विहिरीत थर्मामीटर लावून पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेलीच राहणारी जमीन, किती खोल जातो ते मोजलं.

आता खोली कितीही असू दे, जमीन किती खचणार हे ठरतं मातीत बर्फ किती आहे त्यावर. खडकात पर्माफ्रॉस्ट असेल तर वितळून फारसं काही होत नाही. टुंड्रात मात्र हिवाळ्यात जमीन आकसून तडकते, बर्फ वितळायला लागला की पाणी त्या भेगेत उतरून गोठतं, पुढल्या वर्षी परत तिथेच तडा, असं हजारो वर्षं चालून बर्फाच्या जाड जाड पाचरी तयार होतात (लेफिंगवेल या भूवैज्ञानिकाने अलास्कात राहून हे 1915 मध्ये मांडलं, आणि बऱ्यापैकी बरोबर मांडलं). सायबेरियातल्या येडोमा नावाच्या, जुन्या बर्फाळ मातीच्या जमिनीत तर निम्म्याहून जास्त बर्फच असतो. तो वितळून पाणी निघून गेलं की वरची जमीन बसते, पाचरींच्या जागी चर पडतात, मधे उंचवटे राहतात, चरात पाणी साचतं आणि ते पाणी ऊन धरून ठेवतं म्हणून खालचा बर्फ अजून वितळतो. याकुत्स्कभोवतीच्या याकुतिया प्रदेशात हजारो वर्षांपूर्वी अशाच खचण्यातून झालेल्या खोलगट कुरणांवर आजही गुरं-घोडे चरतात.

माणसाला खरा धडा मिळाला 1942 मध्ये. अमेरिकन सैन्य अलास्का हायवे घाईघाईत बांधत होतं, बुलडोझरने झाडं आणि शेवाळ खरवडून काढलं, म्हणजे जमिनीवरची गोधडीच ओढून घेतली, आणि उन्हाळ्यात रस्त्याचा चिखल होऊन गाड्या रुतल्या. मग शेवाळाला हात न लावता त्यावर ओंडके टाकून रस्ता नेला. पुढे याकुत्स्कमध्ये इमारती खांबांवर उभ्या राहिल्या, म्हणजे घरातली ऊब जमिनीला लागू नये, आणि 1977 मध्ये सुरू झालेल्या अलास्काच्या तेलाच्या पाइपलाइनचा निम्म्याहून जास्त भाग जमिनीच्या वरून नेला, कारण आतलं तेल गरम.

तोवर समज अशी की खरवडलं नाही तर जमीन शाबूत राहते. पण आता जिथे कोणी फावडंही मारलेलं नाही तिथेही ती बसतेय, आणि हे लक्षात यायला वेळ लागला, कारण वितळलेला थर मोजायला लोखंडी सळई वरून खुपसतात आणि बर्फाला टेकली की खोली लिहून घेतात. अख्खा पृष्ठभागच खाली गेला तर सळईला काय कळणार, आकडा तोच येतो! म्हणून हल्ली सोबत जीपीएस आणि सॅटेलाइटच्या रडारने जमिनीची उंचीही मोजतात.